चौकोनी क्रॉसबारच्या मागावर: सेंत-एतियेनचा 1975-76 चा मोसम, नऊ दिवसांत

निघण्यापूर्वी

सेंत-एतियेन या फुटबॉल क्लबने फ्रान्सची लीग दहा वेळा जिंकली. त्यातलं 1976 चं विजेतेपद सलग तिसरं होतं. तरी त्या मोसमाचं नाव निघालं की फ्रेंच माणूस लीगबद्दल बोलत नाही, तो ग्लासगोबद्दल बोलतो. 12 मे 1976 ला तिथल्या हॅम्पडेन पार्कवर युरोपियन कपची (म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची) फायनल सेंत-एतियेन बायर्न म्युनिककडून 0-1 ने हरलं. त्याआधी त्यांचे दोन फटके क्रॉसबारला लागून परत आले होते, आणि तो बार गोल नव्हता, चौकोनी होता.

हा मोसम तक्त्यात वाचला तर पाच ओळींत संपतो. पहिल्या फेरीत कोपनहेगनचा केबी संघ, मग ग्लासगोचा रेंजर्स, दिनामो कीव्ह, पीएसव्ही आइंधोवेन आणि शेवटी बायर्न. जागांवर जाऊन पाहिला की कोळशाच्या खाणींचं एक मध्यम शहर इथवर पोचलं कसं, ते उमगतं. म्हणून हा मार्ग मोसमाच्या क्रमानेच आखला आहे. दोन ठिकाणं मात्र गाळली आहेत. केबीचा व्यावसायिक संघ 1992 मध्ये दुसऱ्या क्लबात विलीन होऊन आजचा एफसी कोपनहेगन झाला, त्यामुळे तिथे या मोसमाची खूण शोधणं अवघड. दिनामोचा घरचा सामना हिवाळ्यामुळे कीव्हऐवजी क्रायमियातल्या सिम्फेरोपोलला झाला होता, आणि तिथे आज पर्यटक म्हणून जाण्याची परिस्थिती नाही.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांची गल्लत इथेच होते. फ्रान्स आणि नेदरलँड्स एका शेंगेन व्हिसावर होतात, ग्लासगोला ब्रिटनचा वेगळा व्हिजिटर व्हिसा लागतो. शिवाय ग्लासगोहून पॅरिसला परत यायचं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. सिंगल एंट्रीचा शिक्का असेल तर ग्लासगोच्या विमानतळावरच अडवतात, विमानात चढू देत नाहीत. तेव्हा अर्जात दोन्ही प्रवेशांच्या तारखा आणि तिकिटं दाखवून मल्टिपल एंट्री मागावी. ती मिळाली नाही तर पॅरिसचा मुक्काम सुरुवातीला घ्यावा आणि ग्लासगोहून थेट भारतात परतावं. शेंगेनचा अर्ज सर्वांत जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे करायचा असतो. इथे पाच रात्री फ्रान्समध्ये आणि एक नेदरलँड्समध्ये, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा हवा. शेंगेनसाठी पासपोर्ट जमा करावा लागतो, त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात करू नयेत. आधी ब्रिटनचा उरकावा, मग शेंगेनचा.

पहिला दिवस: पॅरिस ते सेंत-एतियेन

पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावरून सेंत-एतियेन शातोक्रोला थेट टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाडी, आहे. पावणेतीन ते तीन तास लागतात, पण थेट गाड्या दिवसाला मोजक्याच असतात. चुकली तर पुढचीची वाट पाहत बसू नये. ल्यों पार-दियूची कोणतीही टीजीव्ही पकडावी आणि तिथून टीईआर ही प्रादेशिक गाडी घ्यावी. ती साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने सुटते आणि पाऊण तासात पोचवते. टीजीव्हीचं तिकीट ठरावीक गाडीचं असतं, टीईआरचं तसं नसतं. म्हणून ल्योंला गाडी बदलताना निदान पंचवीस मिनिटं हाताशी ठेवावीत. पार-दियूचे फलाट लांब आहेत आणि गर्दी दादरसारखी असते.

टीईआरमध्ये खिडकी गाठावी. जीवोर, रीव्ह-द-जिए, सें-शामों ही स्थानकं जातात ती जुन्या कोळसा, काच आणि पोलादाच्या खोऱ्यातून. युरोप खंडातली पहिली रेल्वे याच भागात धावली. 1827 मध्ये सेंत-एतियेन ते आंद्रेझियू या मार्गावर कोळसा वाहायला ती सुरू झाली, आणि ल्योंपर्यंतचा मार्ग 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला. कोळसा होता म्हणून रेल्वे आली. त्यामागून शस्त्रांचे, सायकलींचे, फितींचे कारखाने आणि हजारो कामगार आले. फुटबॉल क्लबला प्रेक्षक मिळाला तो या वस्तीतून.

शातोक्रो स्थानकाची इमारत जरा थांबून पाहण्यासारखी आहे. लोखंडी सांगाडा आणि त्यात भरलेल्या रंगीत विटा. खाली खाणीने जमीन पोखरलेली, म्हणून जड दगडी बांधकाम टाळलं. शहराखालची ही पोकळी पुढचे तीन दिवस सोबत राहते.

राहायला शातोक्रोजवळ किंवा ऑतेल द व्हील चौकाच्या आसपास जागा घ्यावी. शहर उत्तर-दक्षिण असं एका सरळ रेषेत पसरलं आहे आणि त्या रेषेवरून ट्राम 1881 पासून अखंड धावते आहे. तिकीट चढल्या चढल्या यंत्राला दाखवायचं. ते राहून गेलं तर खिशात तिकीट असूनही दंड होतो. शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे एप्रिलमध्येसुद्धा संध्याकाळी जाड जॅकेट लागतं.

दुसरा दिवस: शोद्रों, म्हणजे कढई

आजचा दिवस जोफ्रुआ-गिशार स्टेडियमचा. शातोक्रोहून टी-3 ही ट्राम घ्यावी. 2019 मध्ये वाढवलेला तिचा मार्ग स्टेडियमला लागून जातो. म्युझे दे व्हेर, म्हणजे 'हिरव्यांचं संग्रहालय', स्टेडियमच्या आतच आहे. ते डिसेंबर 2013 मध्ये उघडलं आणि फ्रान्समधलं क्लबचं असं ते पहिलंच संग्रहालय. उघडण्याचे दिवस मोसमाप्रमाणे बदलतात आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियमची फेरी मिळेलच असं नाही. म्हणून संग्रहालय आणि फेरी यांचं एकत्र आरक्षण करूनच निघावं. दोन्ही मिळून तीन तास धरावेत. दीड तासात उरकायला गेलं की पहिल्या दालनातच वेळ जातो आणि 1976 घाईत पाहावं लागतं.

पहिली गोष्ट रंगाची. क्लब उभा राहिला तो कासिनो या किराणा दुकानांच्या साखळीतल्या कर्मचाऱ्यांच्या मंडळातून. जोफ्रुआ गिशार हा त्या साखळीचा संस्थापक, आणि हिरवा रंग आला तो त्या दुकानांच्या दर्शनी भागावरून. मैदान सप्टेंबर 1931 मध्ये उघडलं. पूर्वी मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक होता, तो काढल्यावर प्रेक्षक रेषेला येऊन भिडले. 'शोद्रों' हे टोपणनाव त्यातूनच शोभतं. स्टेडियमच्या फेरीत मैदानाच्या कडेला नेतात तेव्हा मुद्दाम कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभं राहून मागे बघावं. पहिली रांग किती जवळ आहे ते तिथे कळतं. आज क्षमता जवळजवळ 42,000 आहे आणि चारही स्टँड इंग्लिश धर्तीचे आहेत. गोलांमागचे दोन, उत्तरेचा जाँ स्नेला आणि दक्षिणेचा शार्ल पारे, हे कट्टर समर्थकांचे स्टँड, त्यांना 'कोप' म्हणतात.

मार्च 1974 ते ऑगस्ट 1975 या काळात सेंत-एतियेनने इथले लीगचे सलग 28 सामने जिंकले. युरोपच्या 1975-76 च्या मोहिमेचा हिशेब या मैदानावर मांडला तर तो असा दिसतो: केबीविरुद्ध 3-1, रेंजर्सविरुद्ध 2-0, कीव्हविरुद्ध 3-0, पीएसव्हीविरुद्ध 1-0. चार सामने, चार विजय, एकच गोल खाल्ला.

त्यातला 17 मार्च 1976 चा सामना नीट उलगडून पाहायला हवा. दिनामो कीव्ह त्या वेळी कप विनर्स कपचा, म्हणजे देशोदेशीच्या कपविजेत्यांच्या स्पर्धेचा, विजेता होता आणि त्यांच्या ओलेग ब्लोखिनला 1975 चा बॅलन डी'ऑर, युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला होता. सिम्फेरोपोलला 3 मार्चला कीव्हने 2-0 ने मात दिली होती. परतीच्या सामन्यात दोन गोलांनी बरोबरी, तीन गोलांनी पार. पण दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली तर बाहेरच्या मैदानावरचा गोल तेव्हा भारी पडायचा. कीव्हने एक गोल केला असता तर सेंत-एतियेनला चार लागले असते.

तासभर 0-0. मग ब्लोखिन सुटला, समोर बचाव जवळजवळ नाहीच आणि सोबत एक सहकारी मोकळा. त्याने पास दिला नाही, स्वतःच आत शिरायला गेला. क्रिस्तियाँ लोपेझ मागून धावत आला, त्याने चेंडू काढून घेतला, आणि तीच चाल उलटी फिरून दुसऱ्या टोकाला पोचली. पात्रिक रेव्हेलीने बाजूने चेंडू आत टाकला आणि त्याचा मोठा भाऊ एर्व्हे रेव्हेली याने गोल केला. मिनिट 63. काही सेकंदांत 0-1 च्या कडेवरून 1-0. त्या टॅकलचं नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत नाही, पण अख्ख्या मोसमातली सर्वांत मोलाची कृती तीच, असं आमचं ठाम मत आहे. पुढे 71 व्या मिनिटाला कर्णधार जाँ-मिशेल लार्केने फ्री किकवर दुसरा गोल मारला, सामना एक्स्ट्रा टाइममध्ये गेला, आणि 112 व्या मिनिटाला एकवीस वर्षांच्या दोमिनिक रोश्तोने तिसरा. तोवर त्याच्या पायांत गोळे आले होते.

संग्रहालयात त्या काळचे हिरवे जर्सी, चषक, कागदपत्रं आहेत. पण माणसं थबकतात ती हॅम्पडेनच्या चौकटीपुढे. क्लबने ती 2013 मध्ये ग्लासगोच्या फुटबॉल संग्रहालयाकडून 20,000 युरोला विकत घेतली. बाराची कड जवळून पाहावी. छायाचित्रात ती जितकी बोथट दिसते तितकी नाही. तिच्याबद्दलचं बाकीचं बोलणं ग्लासगोसाठी राखून ठेवतो.

दोन माणसांची नावं या दालनात वारंवार येतात. अध्यक्ष रोजे रोशे हा तोंडात पाइप घेऊन बसणारा बांधकाम ठेकेदार, 1961 ते 1982 क्लबचा धनी. प्रशिक्षक रोबेर एर्बँ 1972 मध्ये सूत्रं हाती आली तेव्हा अवघा तेहतीस वर्षांचा. बेंचवर चेहऱ्यावरची रेघ हलत नसे म्हणून त्याला 'स्फिंक्स' म्हणत. तिसरं नाव कमी घेतलं जातं: पिएर गारोनेर, खेळाडू हेरणारा. 1970 मध्ये क्लबच्या पोरांनी राष्ट्रीय युवा कप जिंकला, आणि त्या संघातले लोपेझ, सिनाएगेल, पात्रिक रेव्हेली, सारामान्या, रेपेलिनी हे 1976 च्या मोहिमेत होते. बाहेरून आणलेले दोघे महत्त्वाचे, युगोस्लाव्हियाचा गोलकीपर इव्हान चुर्कोविच आणि अर्जेंटिनाचा ओस्वाल्दो पियाझा. पैसे ओतून उभा केलेला हा संघ नव्हता. तो सहा वर्षं शिजत होता.

तिसरा दिवस: खाण

प्वी कूरिओ ही खाण 1973 मध्ये बंद झाली आणि 1991 पासून संग्रहालय आहे. सेंत-एतियेन ल क्लापिए हे छोटं स्थानक तिच्या शेजारीच, आणि ऑतेल द व्हीलहून पायी दहा-पंधरा मिनिटं. खालच्या बोगद्याचा भाग फक्त मार्गदर्शकासोबतच दाखवतात. फेऱ्या फ्रेंचमध्ये असतात, म्हणून फोनमध्ये भाषांतराची सोय आधीच उतरवून ठेवावी. खाली नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नये.

इथली कपडे बदलण्याची खोली विसरता येत नाही. प्रत्येक खाणकामगाराचे कपडे साखळीला अडकवून छतापर्यंत ओढलेले असत, म्हणजे ओले कपडे वर सुकत आणि खाली जागा मोकळी राहत असे. ते रिकामे कपडे रांगेने वर लटकलेले आजही दिसतात. मागे खाणीतल्या दगडमातीचे दोन शंकूसारखे ढीग उभे आहेत. त्यांना इथे क्रासिए म्हणतात आणि शहरात कुठूनही ते नजरेला पडतात.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. खाण 1973 ला बंद झाली, पुढच्याच वर्षी लीग आणि फ्रेंच कप दोन्ही, 1975 ला पुन्हा दोन्ही, 1976 ला युरोपची फायनल. सायकली, बंदुका आणि जाडजूड कॅटलॉगसाठी देशभर ठाऊक असलेला मानुफ्रान्स कारखानाही 1985 ला बुडाला. शहराचा रोजगार उतरत असताना क्लब चढत होता. म्हणूनच इथे क्लबबद्दल बोलताना पन्नाशी-साठी उलटलेली माणसं 'ते जिंकले' म्हणत नाहीत, 'आपण जिंकलो' म्हणतात.

दुपारी जेवायला राप्ये मागावी. कच्चा बटाटा किसून, त्यात अंडं आणि थोडं पीठ घालून तव्यावर कडक तळलेली, म्हणजे बटाट्याच्या थालीपिठाच्या जवळची. सोबत सारासों, लसूण आणि हिरवी पात घातलेलं चक्क्यासारखं ताजं चीज. मांस न खाणाऱ्यांची इथे सोय होते, फक्त राप्येत अंडं असतं हे लक्षात ठेवावं. घरी न्यायला व्हाइस कंपनीचं चॉकलेट, ती 1882 पासून याच गावात आहे. रविवार असेल तर बरीचशी दुकानं बंद, म्हणून खरेदी शनिवारीच.

चौथा दिवस: सामना, नाहीतर फिर्मिनी

क्लब 2025 मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला. तरी स्टेडियम ओस पडत नाही. सामना पाहायचा असेल तर एक अडचण आधीच ओळखावी. फ्रेंच लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं ते आठवड्यापुरतं. नेमका वार आणि वेळ टीव्हीच्या सोयीनुसार काही आठवडे आधी ठरते. त्यामुळे 'शनिवारी सामना' असं धरून न बदलता येणारं रेल्वे तिकीट काढलं आणि सामना शुक्रवारवर किंवा सोमवारवर गेला, असं हमखास होतं. सेंत-एतियेनचे चार दिवस त्या शनिवार-रविवारच्या दोन्ही बाजूंना पसरतील असे ठेवावेत.

खेळ नीट पाहायचा असेल तर बाजूचे स्टँड, पूर्वेचा आंरी प्वाँ किंवा पश्चिमेचा पिएर फोराँ. कोपमध्ये नव्वद मिनिटं उभं राहावं लागतं आणि झेंड्यांमुळे अर्धा खेळ दिसत नाही, पण 'आले ले व्हेर' ही आरोळी एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला कशी पोचते ते तिथेच कळतं. मोठी बॅग नेऊ नये, दारावर परत पाठवतात. ल्योंच्या क्लबची कोणतीही खूण अंगावर नको, दोन्ही शहरांचं वैर खरंखुरं आहे. सामना संपल्यावर पहिल्या ट्रामसाठी चेंगरत उभं राहण्यापेक्षा मध्यवर्ती भागाकडे चालत सुटावं.

सामना नसेल तर टीईआरने वीसेक मिनिटांवर फिर्मिनी आहे. वास्तुकार ल कोर्ब्युझिएचं स्टेडियम, सांस्कृतिक भवन आणि त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, 2006 मध्ये पुरं झालेलं चर्च एकाच आवारात दिसतं. क्लबचं सरावाचं केंद्र शहराच्या उत्तरेला लेत्रा इथे आहे आणि त्याला आता रोबेर एर्बँचं नाव आहे. सराव बहुतेक वेळा बंद दाराआड चालतो, म्हणून केवळ त्यासाठी जाऊ नये.

लीगबद्दल इथेच सांगून टाकतो. 20 संघ, 38 सामने, विजयाला दोन गुण, आणि तीन किंवा जास्त गोलांच्या फरकाने जिंकल्यास एक बोनस गुण. आक्रमक खेळाला उत्तेजन म्हणून ठेवलेला हा नियम त्या मोसमानंतर बंद झाला. नीस दुसरं आलं. फ्रेंच कप मात्र त्या वर्षी मार्सेयने नेला.

पाचवा दिवस: उत्तरेकडे

हा सगळा दिवस गाडीत. सकाळी टीईआरने ल्यों, पार-दियूहून थेट टीजीव्हीने ब्रसेल्स मिदी, तिथून ब्रेडा, आणि ब्रेडाहून इंटरसिटीने आइंधोवेन. तीन बदल आहेत. ब्रसेल्सला निदान पाऊण तास ठेवावा, आणि सामानावर डोळा ठेवावा, मिदी स्थानक चोरांसाठी बदनाम आहे.

सहावा दिवस: आइंधोवेन, मग ग्लासगो

फिलिप्स स्टेडियम आइंधोवेनच्या मुख्य स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर आहे. पीएसव्ही म्हणजे फिलिप्स कंपनीचं क्रीडा मंडळ. एकीकडे किराणा दुकानाच्या नोकरांचा क्लब, दुसरीकडे दिव्यांच्या कारखान्याच्या कामगारांचा, आणि दोघे युरोपच्या उपांत्य फेरीत समोरासमोर.

सेंत-एतियेनला 31 मार्चला लार्केच्या फ्री किकवर 1-0. एवढ्याशा आघाडीवर इथे 14 एप्रिलला नव्वद मिनिटं काढायची होती. 0-0 हा निकाल कोरडा वाटतो, पण तो चुर्कोविचचा सामना होता. पीएसव्ही सारखा त्याच्या चौकटीवर चाल करून येत राहिला आणि तो पुरून उरला. वर्षभरापूर्वीची उपांत्य फेरी सेंत-एतियेन बायर्नविरुद्ध घरी 0-0 आणि म्युनिकला 0-2 असं हरलं होतं. बाहेर कसं टिकायचं हे ते एका वर्षात शिकले, त्याचा पुरावा आइंधोवेन.

एएसएमएल, फिलिप्स, एनएक्सपी या कंपन्यांमुळे या गावात मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणी ना कुणी निघतं. दुपारी थेट इंटरसिटीने दीड तासात स्खिफोल, तिथून दीड तासाचं ग्लासगोचं विमान. शेंगेनमधून बाहेर पडण्याची पासपोर्ट तपासणी इथे होते, म्हणून अडीच तास आधी पोचावं.

सातवा दिवस: हॅम्पडेन

ग्लासगो सेंट्रल स्थानकावरून माउंट फ्लोरिडा, लोकलने दहा मिनिटं, पुढे पाच मिनिटं चाल. स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय स्टेडियमच्या पोटातच आहे आणि मैदानाची फेरी तिथूनच सुटते. आंतरराष्ट्रीय सामना किंवा संगीताचा मोठा कार्यक्रम असेल तर फेऱ्या बंद असतात आणि उन्हाळ्यात असे दिवस पुष्कळ. तारीख ठरवण्याआधी स्टेडियमचं कॅलेंडर बघावं. आजचं स्टेडियम 1976 चं नाही, तेव्हाचे उघडे उतार जाऊन सगळीकडे खुर्च्या आल्या. पण मैदान आणि गोलांची दिशा तीच, आणि स्टँड मैदानापासून लांब असल्यामुळे जोफ्रुआ-गिशारहून आलेल्याला हे अंतर लगेच खुपतं. हिरव्यांचं बळ होतं ते घुसमटवणारं, अंगावर येणारं मैदान. इथे ते नव्हतं.

त्या संध्याकाळी 54,864 प्रेक्षक होते. सेंत-एतियेनकडे लेफ्ट बॅक फारिझों आणि मधल्या फळीतला सिनाएगेल दोघेही दुखापतीमुळे नव्हते, आणि रोश्तो पूर्ण सामना खेळण्याच्या स्थितीत नव्हता. तो शेवटची सात-आठ मिनिटं आला. सुरुवातीलाच गेर्ड म्युलरचा गोल ऑफसाइड ठरला. मग पहिल्या अर्ध्याच्या उत्तरार्धात दोन्ही प्रसंग घडले. 34 व्या मिनिटाला दोमिनिक बातनेचा लांबून मारलेला जोरकस फटका बाराला लागून मैदानात परत आला. परतलेल्या चेंडूवर एर्व्हे रेव्हेलीचं डोकं लागलं, पण त्यात जोर नव्हता आणि गोलकीपर मायरने तो धरला. पाचेक मिनिटांनी जाक सांतिनीचा हेडर, पुन्हा बार. 57 व्या मिनिटाला गोलापुढे मिळालेल्या फ्री किकवर बेकेनबाउअरने चेंडू हलकेच सरकवला आणि फ्रान्झ रोटने तो जाळ्यात ठोकला. बायर्नचं हे सलग तिसरं विजेतेपद.

फ्रेंचमध्ये या घटनेला 'ले पोतो कारे', म्हणजे 'चौकोनी खांब' म्हणतात, आणि थोडक्यात हुकलेल्या कशालाही हे शब्द लावतात. पण चेंडू खांबांना लागलेच नव्हते, दोन्ही वेळा लागले ते आडव्या बाराला. आता भौतिकशास्त्र. नियमाप्रमाणे खांब आणि बार 12 सेंटिमीटरपेक्षा जाड असू शकत नाही. चेंडूचा व्यास 22 सेंटिमीटरच्या आसपास. सपाट, उभ्या दर्शनी पृष्ठावर चेंडू आदळला की तो आला तसाच मागे फिरतो. गोल नळीवर तो मध्यापेक्षा किंचित खाली लागला तर खालच्या दिशेला वळतो, आणि रेषेच्या आत पडण्याची शक्यता उरते. म्हणून बातनेच्या फटक्याबद्दलची हळहळ निराधार नाही. सांतिनीच्या हेडरचं तसं नाही. चेंडू खालच्या कडेजवळ लागला तर चौकोनी बारही त्याला खाली वळवू शकतो, तेव्हा तिथे आकाराला दोष देणं ओढूनताणून वाटतं. आणि बार कसाही असता तरी तो बायर्नसाठीही तोच होता.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. 'नंतर चौकोनी खांबांवर बंदी आली' असं सर्रास लिहिलं जातं. हॅम्पडेनचे खांब 1987 मध्ये बदलले हे खरं, पण खेळाच्या नियमावलीत चौकोनी, आयताकृती, गोल आणि लंबगोल असे आकार आजही मान्य आहेत. अट एवढीच की दोन्ही टोकांच्या गोलचौकटी सारख्या हव्यात आणि खेळाडूंना धोका नसावा.

आठवा दिवस: आयब्रॉक्स, आणि पॅरिसचं विमान

ग्लासगोची भुयारी रेल्वे 1896 ची, एकच गोल मार्ग, काही गाड्या घड्याळाच्या दिशेने आणि काही उलट्या. आयब्रॉक्स स्थानकावर उतरलं की रेंजर्सचं मैदान समोरच. रविवारी ही सेवा सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाच्या सुमारास थांबते, तेव्हा हा दिवस रविवार येऊ देऊ नये. सेंत-एतियेनने 5 नोव्हेंबर 1975 ला इथे 2-1 ने विजय मिळवला, रोश्तो आणि एर्व्हे रेव्हेलीच्या गोलांवर. रेंजर्सचा गोल आला तो अगदी शेवटी. सहा महिन्यांनी याच शहरात आपल्याला फायनल खेळायची आहे, हे तेव्हा त्यांना कुठून ठाऊक असणार.

नववा दिवस: शाँझेलिझे

फायनल हरलेला संघ दुसऱ्या दिवशी, 13 मे 1976 ला, पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरून मिरवत गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी होती, आणि राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांनी खेळाडूंना एलिझे प्रासादात बोलावलं. मेट्रोच्या 1 नंबर मार्गाने शार्ल द गोल-एत्वालला उतरावं आणि विजयकमानीकडून उताराने खाली चालत यावं. पाऊण तास लागतो. शाँझेलिझे-क्लेमांसोपाशी डावीकडे वळलं की फोबूर सेंत-ओनोरेवर प्रासादाचं मुख्य दार आहे. ते लोकांसाठी सप्टेंबरमधल्या वारसा दिनांना तेवढं उघडतं. एरवी पलीकडच्या फुटपाथवरून पाहायचं, पोलीस फार वेळ थांबू देत नाहीत. तिथून विमानतळासाठी शात्लेहून आरईआर बी ही उपनगरी गाडी घ्यावी. गाडीत चढण्याआधी फलकावर शार्ल द गोल विमानतळाचं नाव आहे ना ते पाहावं, कारण त्याच फलाटावरच्या काही गाड्या मित्री-क्लेला जातात.